चित्रातला माणूस उभा कुठे आहे?

(तरुण मुलं-मुली आणि बाया यांच्या दोन दिवसांच्या शिबिराच्या शेवटी आपल्या एका कार्यकर्तीने केलेले भाषण. टेपवरून उतरवून घेतले आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. ज्या पाड्यांवरून शिबिराला कोणी येऊ शकले नाही, तिथे रात्रीच्या मीटिंगला हे वाचून दाखवावे.)

आया-बायांनो, भावांनो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या पोरांनो,

पुढे या, बसा. फार लांबवणार नाही. भात शिजलाय, त्याचा वास मलाही येतोय.

काल सकाळी आपण कागदाला गेरू लावला. तांदूळ वाटून घेतला, बांबूच्या काडीचं टोक ठेचून घेतलं, आणि सगळ्यांना एकच काम दिलं. मी कोण, ते काढा. लिहू नका, काढा. तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, बाई, शिबिर जमिनीचं आहे ना? मग चित्रं कशाला? अर्ज कसा भरायचा ते सांगा. प्रश्न बरोबर आहे. वेळ काढून, मजुरी बुडवून तुम्ही आलात. त्याचं उत्तर द्यायला मी उभी आहे.

आपलं चित्र आपल्याला इतकं सवयीचं आहे की आपण त्याच्याकडे नीट बघतच नाही. माणूस कसा काढतो आपण? दोन त्रिकोण टोकाला टोक लावून. वर गोल डोकं. काडीसारखे हातपाय. बाई असेल तर डोक्यामागे अंबाडा. तोंडाला डोळे नाहीत, नाक नाही, ओठ नाहीत. शहरातली माणसं विचारतात, तुमच्या चित्रात सगळे सारखेच कसे? ह्यात पाटील कोण, मजूर कोण, गोरा कोण, काळा कोण?

मग आपण कसं ओळखतो? तो काय करतोय, त्यावरून. ज्याच्या तोंडाला लांब तारपा, तो तारपकरी. ताडावर चढलाय तो ताडी काढणारा. वाकलेली बाई आवणी करते. दोघी समोरासमोर उभ्या राहून मुसळ मारतात, त्या भात कांडतात. आणि तो कुठे आहे, त्यावरून ओळखतो. घरात आहे की खळ्यावर, रानात आहे की नाचाच्या फेऱ्यात. फेरा गोल फिरतो, मध्ये तारपकरी असतो, आणि नाचणाऱ्याने त्याला पाठ दाखवायची नसते. त्या फेऱ्यातल्या एखाद्या माणसाला एकट्याला कापून बाजूला काढा. तो कोण आहे ते तुम्हाला सांगता येणार नाही. नुसते दोन त्रिकोण उरतील.

हे मनात ठेवा. फोटोत माणूस तोंडावरून ओळखू येतो. आपल्या चित्रात तो कामावरून आणि जागेवरून ओळखू येतो. आपल्या आज्या-पणज्यांनी ‘मी कोण’ ह्याचं उत्तर असं दिलंय.

आता चौकाचं बोलू. लग्न ठरलं की कुडाची भिंत शेणाने सारवायची, गेरूने लाल करायची आणि तांदळाच्या पिठाने त्यावर चौक काढायचा. काढतात सवाशिणी. धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लावते तीच. ह्या देशात किती ठिकाणी लग्न बाई लावते, सांगा बरं! चौकात मध्ये पालघट देवी. बाजूला लहान देवचौक, त्यात पंचशिऱ्या. वर सूर्य-चंद्र. फणी आहे, शिडी आहे, घोड्यावर नवरा-नवरी आहेत, झाडं आहेत. चौक काढल्याशिवाय आपल्यात लग्न लागत नाही. म्हणजे दोन माणसं नवरा-बायको झाली हे आधी भिंतीवर लिहिलं जातं. आपल्याला अंगठाछाप म्हणतात. ज्या डोकरीने आयुष्यात पेन धरलं नाही, तिने गावातल्या किती लग्नांची नोंद अशी केली असेल!

आणि चौक चौकोनी का? बाकी सगळं आपण गोल आणि तिरकं काढतो. डोंगर त्रिकोणी, झाडाचा शेंडा त्रिकोणी, सूर्य-चंद्र गोल. चौकोन रानात कुठे सापडत नाही. तो माणसाने केलेला आहे. मला विचाराल तर मी म्हणेन, चौकोन म्हणजे बांध घातलेली जागा. देवीला बसवायला आधी चार बाजूंनी आखलेला तुकडा लागतो. पण आपल्याकडे देवीचा चौक होता तेव्हासुद्धा माणसाचा तुकडा नव्हता. भिंत आपली, पण खालची जमीन सावकाराची.

तरुण पोरांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगते. ह्याच चौकापायी आपले आजे गुलाम झाले. लग्नाला पैसा लागायचा, तो जमीनदार द्यायचा. फेड म्हणून नवरा त्याच्याकडे राबायचा, बायकोपण राबायची. हिशोब जमीनदाराच्या वहीत, त्यामुळे फिटायचं नाव नाही. त्याला लग्नगडी म्हणायचे. गोदूताई परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात ते सगळं लिहून ठेवलंय, ज्याला वाचता येतं त्याने वाचावं. ज्या दिवशी भिंतीवर चौक निघाला, त्याच दिवशी वहीत अंगठा उमटला. भिंतीवर लिहिलं की ही दोघं घर करणार. वहीत लिहिलं की ही दोघं आमची. मग खरं काय धरायचं? जोर वहीला होता.

तो जोर कुणी मोडला? २३ मे १९४५ ला त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यात झरी गावी परिषद झाली. हजारोंनी वारली जमले. वेठ करणार नाही, असं तिथे ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. पण वेठ गेली, लग्नगडी गेला. त्यानंतर आपल्या घरात निघालेला चौक पहिल्यांदा खऱ्या अर्थाने आपला झाला, असं मी मानते. जमीन मात्र पूर्ण मिळाली नाही. ती लढाई अजून चालू आहे, म्हणून तर आपण इथे बसलोय.

आता दुसरी गोष्ट, चित्र गावाबाहेर कसं गेलं. १९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार आपल्या भागात आले. त्यांनी कागद दिला, रंग दिला, म्हणाले भिंतीवर काढता ते ह्यावर काढा. गंजाडच्या कलंबीपाड्यावरचे जिव्या सोमा मशे तेव्हापासून पुढे आले. १९७६ ला त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्याबद्दल सांगतात की लहानपणी आई गेली आणि त्यांचं बोलणं बंद झालं. कैक वर्षं ते बोललेच नाहीत. काय हवं-नको ते धुळीत बोटाने काढून दाखवायचे. विचार करा. सहा-सात वर्षांचं पोर, तोंडातून शब्द निघत नाही, आणि धुळीत चित्र काढून ते माणसांना धरून राहतं. चित्र त्याच्यासाठी शोभेची वस्तू नव्हती. तीच त्याची बोली होती. लग्नाचा चौक बायांचा. पण जे सांगायचं होतं ते सांगायला ह्या माणसाने तीच रेघ घेतली आणि तिच्यात जाळी, मुंग्या, शेतं, अख्खं गाव आणलं.

त्यांचा मान झाला ह्याचा आपल्याला अभिमान आहे. पण सोबत काय झालं तेही बघा. आज आपला माणूस कॅलेंडरवर आहे, साडीच्या काठावर आहे, हॉटेलच्या भिंतीवर आहे. व्यापारी पाड्यावर येतो, दहा कागद टाकतो, चार रुपये टेकवतो, घेऊन जातो. खाली नाव नाही, गाव नाही. आमच्या भागातल्या एका शाळेत गॅदरिंगला पोरींना सांगतात, वारली काढा गं, पाहुणे येणार आहेत. आणि त्याच पोरी वर्गात आपल्या बोलीत बोलल्या की छडी. एका साहेबाच्या बंगल्यावर मी निवेदन द्यायला गेले होते. व्हरांड्यात तारप्याचा फेरा रंगवलेला, छान मोठा. आणि निवेदन होतं त्याच साहेबाच्या माणसांनी आमच्या पाड्यावरची उभी नागली गुरं घालून चारली त्याबद्दल.

म्हणजे चित्रातला आदिवासी सगळ्यांना हवाय. रानातला नकोय. चित्रातल्याला जागा लागत नाही ना! भिंत मिळाली की त्याचं भागतं.

म्हणून काल मी तुमच्या हातात काडी दिली. विकायला नको, पाहुण्यांसाठी नको. स्वतःसाठी काढून बघू, काय निघतं ते. आणि काय काय निघालं! नावं घेत नाही, ज्याचं त्याला कळेल.

एका पोराने अख्ख्या कागदभर एकच माणूस काढला. फुलपँट, मनगटावर घड्याळ, डोळ्याला गॉगल. बाकी कागद मोकळा. सगळे हसले. मग एका आजीने साधं विचारलं, अरे पण हा उभा कुठंय? त्याला सांगता येईना. बराच वेळ बसला. मग पायाखाली विटांच्या रांगा काढल्या. मग ट्रक काढला. मग कोपऱ्यात अगदी बारीक घर काढलं आणि घराभोवती पावसाचे ठिपके. म्हणाला, दिवाळी झाली की भट्टीवर जातो, पाऊस पडला की घरी येतो. मी आठ महिने तिथला, चार महिने इथला. तिथे मला आडनावाने कोण ओळखत नाही, इथे आलो तर म्हणतात भट्टीवाला आला. मी कुठला धरायचा? हा प्रश्न त्याने आजपर्यंत कुणाला बोलून विचारला नव्हता. कागदावर जागा मोकळी पडली, म्हणून तो त्याला दिसला. आणि अर्जाच्या कामाचंही ह्यात आहे. घरी येतो त्या चार महिन्यांत तो बापाचा प्लॉट कसतो. रानवाले म्हणतात, पोरगा इथे राहत नाही, प्लॉट पडीक आहे. त्याचे पावसाचे ठिपके हे त्यांना दिलेलं उत्तर आहे.

आश्रमशाळेत शिकणाऱ्या पोरीने दार काढलं आणि दारात स्वतःला. एक पाय आत, एक बाहेर. हातात पुस्तक. बाहेर कोण आहे विचारलं तर म्हणाली, अजून ठरलं नाही. ठरेल, पोरी. घाई नको. पण आतला पाय काढू नको.

म्हाताऱ्या बाबांनी माणूस काढलाच नाही. वाघ काढला, आणि वर सूर्य-चंद्र. आम्ही म्हटलं, बाबा, स्वतःला काढायचं होतं. ते म्हणाले, हाच मी. वाघ्याचं ठाणं आमच्या शिवेवर आहे, त्याला नारळ माझा आजा द्यायचा, बाप द्यायचा, आता मी देतो. रानवाल्यांचा दगड त्याच्या आत पन्नास पावलं, तो माझ्या डोळ्यांदेखत पुरला. ऐकलंत? सरकारी कागदावर शीव तिथे आहे जिथे दगड आहे. वाघ्या त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे बसलाय, आणि ते सांगणारा माणूस जिवंत आहे.

आणि आता त्या बाईचं. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. ती कागद घेईचना. म्हणाली, चौक सवाशिणी काढतात, मी हात लावणार नाही. आम्ही म्हटलं, हा चौक नाही, हा कागद आहे. मग तिने काढलं ते तुम्ही सगळ्यांनी बघितलं. माणूस नाही, देव नाही. बांध काढले. एकाखाली एक, डोंगराच्या उतारावर. कुठला बांध कुठल्या वर्षी घातला ते दगड मोजल्यासारखं सांगितलं. हा नवरा होता तेव्हाचा, हे दोन मी एकटीने घातलेले, इथे मोहाचं झाड राखलं, इथे राब भाजते, इथे पाणी फुटतं म्हणून दगड जास्त. सगळं झाल्यावर शेवटी स्वतःला काढलं. कुठे? कागदाच्या कडेला, बांधाच्या बाहेर. का गं बाहेर? तर म्हणाली, दंडाची पावती दिराच्या नावावर फाटते.

तेव्हा हसणारे सगळे गप्प झाले. मला वाटतं हे शिबिर त्या घटकेला झालं.

आता पहिला प्रश्न. चित्रं कशाला? तर ऐका. तहसीलदार चित्र बघून सातबारा देत नाही, हे मलाही कळतं. पण आजवर आपण कचेरीत कसे उभे राहिलो? साहेब विचारतो, तू कोण? आपण म्हणतो, गरीब आहे साहेब. विचारतो, किती वर्षं कसतोस? आपण म्हणतो, पहिल्यापासून. ‘गरीब’ आणि ‘पहिल्यापासून’ ह्या दोन शब्दांवर कधी कुणाला जमीन मिळालेली मी बघितली नाही. काल ज्याने-ज्याने चित्र काढलं, त्याच्याकडे आज दुसरं उत्तर आहे. मी अमुक बांध घातला. माझ्या वरच्या अंगाला हा कसतो, खालच्या अंगाला ती कसते. ही विहीर माझ्या बापाने खणली. शीव वाघ्यापाशी आहे. हेच पंचनाम्यात यायला पाहिजे. शेजाऱ्यांची नावं, बांध, झाडं, विहीर, राबाची जागा.

कायद्याचं थोडक्यात सांगते. एकसाली प्लॉट आपल्याला ठाऊक आहेत, दर वर्षी नव्याने मागायचे, दर वर्षी उपकार. २७ डिसेंबर १९७८ ला महाराष्ट्र सरकारने ठराव काढला, की ३१ मार्च १९७८ पर्यंतची जंगलजमिनीवरची अतिक्रमणं तपासून कायम करायची. तपासायला कोण किती पाड्यांवर आलं ते तुम्हीच सांगा. मग १९८० ला केंद्राचा वनसंवर्धन कायदा आला, आणि त्यानंतर आम्हाला दिल्लीकडे बोट दाखवायचे. आपण एवढंच धरून चालायचं. आपण किती वर्षांपासून कसत आलोय हे दाखवणं आपल्या हातात आहे. दंडाच्या पावत्या जपा. ज्या पावतीने आपल्याला गुन्हेगार ठरवलं, तीच पावती सांगते की त्या वर्षी हा माणूस त्या जागेवर होता. घरात, कुडात, पत्र्याच्या डब्यात शोधा. उंदराने खाल्लेली असली तरी आणा.

तर आता काय ठरवायचं? मी तीन गोष्टी मांडते. तुम्ही पाड्यावर जाऊन बोला, मग नक्की करू.

एक. पाऊस पडायच्या आत प्रत्येक पाड्याने एका भिंतीवर आपल्या सगळ्या प्लॉटचं चित्र काढायचं. शाळेतली पोरं आणि म्हाताऱ्यांनी मिळून. म्हाताऱ्यांना शीव ठाऊक आहे, पोरांना अक्षर ठाऊक आहे. कुणाचा प्लॉट कुठे, मध्ये काय, हे भिंतीवर सगळ्यांसमोर निघालं म्हणजे आपसातली भांडणंसुद्धा तिथेच मिटतील. पुढे मोजणीला कोणी आलं तर अख्खा पाडा एकच सांगेल. मग त्यावरून कागदावर नकाशा उतरवायचा, वहीत नावं लिहायची, खाली अंगठे घ्यायचे.

दोन. अर्जावर नवरा-बायको दोघांचं नाव. एकटी असेल तर तिचं एकटीचं. अर्जात ‘अर्जदार’ म्हणून एकच ओळ आहे, जागा नाही, असं म्हणतील. समासात लिहा. समास कमी पडला तर पाठीमागे लिहा. भाऊ लोकांपैकी काहींची तोंडं वाकडी झालेली मला दिसतायत. चौकाला कोण हात लावणार तो रिवाज आहे, त्यावर डोकऱ्या आणि धवलेरी बसून बोलतील. पण बांध कुणी घातला ह्यात रिवाजाचा प्रश्न नाही. ज्या बाईने दोन बांध एकटीने घातले, तिला बांधाच्या बाहेर उभं ठेवायचं असेल, तर सावकाराच्या वहीला नावं ठेवायचा आपल्याला हक्क नाही.

तीन. जे विकायला चित्रं काढतात त्यांनी काढावीत. पोटाला लागतं, त्यात कमीपणा नाही. पण खाली आपलं नाव लिहा, पाड्याचं नाव लिहा. एकेकट्याने व्यापाऱ्याला देऊ नका, भाव मिळून ठरवा. लग्नाचा चौक विकायचा की नाही, ह्यावर माझं मन सांगतं, विकू नये. पण हे एकटीने ठरवायचं काम नव्हे. बायांनी ठरवावं.

एक शेवटचं, पोरांना. शाळेत, भट्टीवर, बोटीवर तुम्हाला कोणी विचारेल, तू कोण रे? लाज वाटून दुसरं आडनाव सांगू नका, आणि उगाच छाती फुगवून भांडूपण नका. कुठून आलो, काय काम करतो, कुणाच्या शेजारी राहतो, एवढं सरळ सांगा. आपल्या चित्रातला माणूस एवढंच सांगत आलाय. त्याला डोळे नाहीत, पण त्याला आपली जागा ठाऊक आहे.

ती बाई मघाशी उठली आणि तिने कागद परत मागितला, ते सगळ्यांनी बघितलं. स्वतःला पुसलं नाही तिने. बांधाच्या आत दुसरी बाई काढली, डोक्यावर पाटी घेतलेली. तो कागद आता तिच्या अर्जाला जोडायचाय. कचेरीत घेतील न घेतील. आपण जोडायचा.

चला, जेवून घ्या. कसेल त्याची जमीन!

जिंदाबाद.